अशोकनं बसवलेलं पांढरं बेसिन

त्या सकाळी मी बेसिनपाशी उभी होते, तोंडात फेस, आणि फोन वाजला. अशोक गेला... हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. माझा मावसभाऊ, वसमतचा दातांचा डॉक्टर. तोंडातला फेस मी त्या पांढऱ्या बेसिनात टाकला. ते त्यानंच बसवलं होतं ना!

शिरड शहापूरला आम्ही घर बांधलं, तेव्हा बेसिन मी हौसेनं निवडलं होतं. गडद मरून! घरभरणीला जो येईल त्याला मी ते दाखवत होते. अशोक हात धुवायला गेला आणि तिथूनच ओरडला, "आक्का, ह्ये कुणी घ्यायला लावलं तुला?"

"मीच घेतलं. काहून?"

"ह्याच्यात रक्त दिसंल का? तोंड उघड बरं!"

पंगत बसलेली, वाढपी थांबलेले, आणि हा गडी मोबाइलची बॅटरी लावून माझ्या तोंडात बघतोय! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हिरड्या सुजल्या होत्या, मलाही ठाऊक होतं; पण आमच्याकडे कशालाही हळद. रोज हळद-मीठ चोळायचं, ठणका कमी झाला की विसरायचं. त्यानं पांढरा रुमाल हिरडीला नुसता टेकवला... लालभडक. मग त्याची नजर माझ्या पायाच्या पट्टीवर गेली.

"ह्ये काय झालं?"

"चप्पल लागली. दोन महिने झाले, भरूनच येईना."

"सापडलं!" अशोक अक्षरशः उडालाच. मी चिडले. माझं दुखणं आणि ह्याला आनंद! तर म्हणतो, "अगं, येळेवर सापडलं म्हणून! हिरडी अन् पाय, दोन्हीचं दुखणं एकच असंल. उद्या उपाशीपोटी ये वसमतला."

गेले. रक्तातली साखर भयंकर वाढलेली! तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, अजून थोडं थांबला असता तर अंगठा गेला असता. पण औषधं सुरू झाली, अशोकनं हिरड्या साफ केल्या, आणि जखम खरंच भरत आली. काय आनंद झाला होता मला! बसस्टँडवर उभी राहून त्याला फोनवर ओरडून सांगितलं होतं मी. पुढच्याच रविवारी पठ्ठ्या गवंड्याला घेऊन दारात हजर, रिक्षात पांढरं बेसिन. मी खूप भांडले. माझ्या मरून बेसिनात आता पुदिना लावलाय.

तो गेल्यावर मात्र मीच ढिली पडले. गोळ्या चुकल्या, पथ्य सुटलं... रागावणारंच कुणी उरलं नव्हतं. आणि परवा चूळ टाकली तर पांढऱ्यावर लाल रेघ. हात आपोआप फोनकडे गेला, नंबर त्याचाच लागला. उचलला त्याच्या बायकोनं, सविताबाईनं. मी एवढंच म्हणाले, "लाल दिसलं गं..."

पलीकडून थेट त्याच्याच ठसक्यात ती म्हणाली, "आक्का, उद्या उपाशीपोटी या. मी येते बसस्टँडवर."

सकाळी काही न खाता निघाले. निघताना बेसिन घासून लख्ख केलं. लाल दिसायला हवं ना त्यात!