खिशातला फ्यूज

सर्वण गावच्या आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पंपाच्या पट्ट्यात पाला अडकला की बाबा आधी फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकत आणि मगच आत हात घालत. मला त्याचं हसू यायचं. शिकलासवरला मुलगा मी! पाण्याची पातळी बघून पंप आपोआप चालू-बंद करणारा, स्वतःची वेगळी वायर असलेला डबाच करून दिला. त्यातला ट्रान्झिस्टर माझ्या खणातला, जुना, धातूच्या टोपीचा. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं मॉडेल नव्हतं. मीच पिवळ्या पडलेल्या माहितीपत्रकातले आकडे भरून ते तयार केलं. पडद्यावर सर्किट अगदी गुणी मुलासारखं वागलं.

"आता फ्यूज काढायला नको. डब्यावरचा दिवा विझला की पंप बंद," मी ऐटीत सांगितलं.

"कंप्युटरान तपासला ना? मग झाला," बाबा म्हणाले.

मे महिन्यात, मी काम करतो त्या पेडण्याच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत तेच मॉडेल सहकाऱ्याला दाखवत होतो. त्याने विचारलं, "तापमान किती धरलंस?"

मी धरलंच नव्हतं. सॉफ्टवेअरने आपलं नेहमीचं सत्तावीस अंश धरलं होतं. बाबांचा डबा पत्र्याचा, दिवसभर उन्हात. मी साठ टाकून बघितलं. बंद ट्रान्झिस्टरमधून प्रवाह झिरपू लागला आणि आलेखाची रेषा वर चढत गेली. तेवढ्यावर बंद पंप आपोआप सुरू झाला असता.

घरी फोन लावला. आई म्हणाली, "ते कुळागरात गेलेत. पट्ट्यात पालो अडकलो म्हणत होते."

बाबा फोन घरीच ठेवून जातात. मी स्कूटर काढली. वाटभर मला त्यांचा उजवा हातच दिसत होता. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

कुळागरात चिटपाखरू नव्हतं. डब्यावरचा दिवा लाल पेटलेला, आणि पंप मात्र गप्प. पट्टा अडकून थांबला की काय? कशात अडकून? मी "बाबा!" म्हणून ओरडलो.

ते पंपाच्या खड्ड्यातून वर आले. दोन्ही हात चिखलाने माखलेले, पण धड. खिशातून त्यांनी फ्यूज काढला.

"दिवो चार दिवस दुपारचो असोच पेटता," ते म्हणाले. "तुका सांगलंय नाय. तुका वाईट वाटला असता."

फ्यूज त्यांनी माझ्या हातात दिला. तो त्यांच्या अंगाच्या उबेने गरम होता. मला मान वर करवेना.