तांब्याच्या नळीत काय होतं

राजाजीनगर भागात नेमणूक असतानाची ती केस निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही. तशी ती फार मोठी नव्हती.

खबर एका भंगारवाल्याची. शेजारचा म्हातारा नळ्यांतून सोन्याची बिस्किटं फिरवतो, असं त्याचं म्हणणं. झडती घेतली. खोलीभर जुन्या युद्धनौकेवरच्या, लिलावात निघालेल्या रडारचे भाग. त्यांत तांब्याची एक नळी, चौकोनी तोंडाची, मध्येच काटकोनात वळलेली; वजन पावणेपाच किलो. पंचांसमक्ष जप्त केली. म्हातारा सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला रडार अभियंता, मूळचा साताऱ्याकडचा.

ठाण्यात विचारलं, आत काय होतं?

"काही नाही."

हवालदार हसला आणि तेच कन्नडमध्ये म्हणाला. "एनू इल्ला! इथं सगळे हेच म्हणतात, सर."

खरंच होतं ते. नोकरीभर मी हेच ऐकत आलो होतो. बॅटरी मारून पाहिली, पण वळणापलीकडे उजेड जाईना. मग कापूनच बघू, असं मी म्हणालो. म्हातारा तेव्हा पहिल्यांदा घाबरला.

"मला आत टाका साहेब, पण ती कापू नका. असं वळण आता कुणी करून देत नाही."

रिकाम्या नळीसाठी कोण कोठडीत जाईल? माझा संशय वाढला. तो मात्र शांतपणे समजावू लागला. रडारच्या लहरी मॅग्नेट्रॉनमध्ये तयार होतात; मॅग्नेट्रॉन म्हणजे आत पोकळ्या असलेला तांब्याचा ठोकळा. चुंबकामुळे इलेक्ट्रॉन त्यात गोल फिरतात आणि फुंकर मारलेली बाटली घुमावी तशा पोकळ्या घुमून सूक्ष्मलहरी उठतात. साध्या तारेतून नेल्या तर त्यांची ताकद वाटेतच जाते, म्हणून पोकळ नळी. आतून गुळगुळीत हवी, ओरखडासुद्धा चालत नाही.

ओरखडा. सोनं कोंबलं असतं तर तो पडलाच असता.

समोरच्या दंतवैद्याकडून दात बघायचा आरसा मागवला आणि दोन्ही तोंडांतून वळण तपासलं. आत एकही चरा नव्हता.

मग भंगारवाल्याला चौकशीला बसवलं. फार वेळ लागला नाही. नळी त्याला तांब्याच्या भावात हवी होती, म्हाताऱ्याने नकार दिला होता. पोलिसांनी कापली की तुकडे विकण्यावाचून म्हातारा काय करणार, हा हिशेब.

'काही नाही' हे उत्तर बहुतेकदा खोटंच निघतं. म्हणून तर खरं असेल तेव्हा ते ऐकू येत नाही. एवढंच त्या केसने शिकवलं, तेही नोकरी संपत आल्यावर.

नळी घेऊन म्हातारा रिक्षात बसला. "स्वल्प हळू, अण्णा." रिक्षावाल्याने विचारलं, आत काय आहे?

म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलं. "एनू इल्ला."

या खेपेला हवालदार हसला नाही.