ताटावरची बातमी

हुबळीहून धारवाडला जाताना बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई होत्या. मी फोन उघडला की मान खिडकीकडे वळवायच्या. मला जरा रागच आला, जणू माझ्या फोनवर काही भलतंच होतं. त्यांचा स्वतःचा फोन मांडीवर पालथा, वर रुमाल.

"दुसऱ्याचं बघू नये, म्हणून," त्या म्हणाल्या, आणि मग सगळंच सांगितलं. "आमच्या अक्काला, थोरल्या बहिणीला, कॅन्सर निघाला. अप्पांना अजून सांगितलं नव्हतं. मी फोनवर केस गळण्याचं एकदा शोधलं. दुसऱ्या दिवशी अप्पा जेवताना माझ्या फोनवर बातम्या बघत होते, तर विगांच्या जाहिराती! म्हणाले, कुणाला गं हे? मग सांगावंच लागलं."

त्यांनी माहितीच्या अधिकारात सरकारला विचारलं, की आम्ही इंटरनेटवर काय बघतो ते कुठल्या कंपन्या टिपतात, कुणाच्या परवानगीनं? उत्तर आलं: कंपन्यांची माहिती गोपनीय आहे. आता अपिलासाठी त्या वकिलाकडे निघाल्या होत्या.

"अपिलानं काय होणार हो?" मी म्हटलं.

"न होऊ दे. पण विचारणार. आमच्यात वाईट बातमी माणूस जेवल्यावर सांगतात. अप्पा त्या दिवशी भरल्या ताटावरनं उठले."