टोमॅटोच्या फुलाला सोसेल एवढाच उजेड

लॅबमध्ये नऊ वर्षं काढली की हाती काय उरतं? रिपोर्ट मॅडम घेऊन जातात, स्लाइडी धुऊन ठेवायच्या असतात, आणि किस्से मात्र आपल्याच बोकांडी बसतात! परवा हळदीकुंकवाला एकीनं विचारलं, "सुनीता, तू दिवसभर त्या मायक्रोस्कोपमध्ये बघतेस तरी काय?" मी एक सांगितला, मग दुसरा, आणि हळदीकुंकू राहिलं बाजूला. वाण द्यायचं ते लक्षात आलं बायका चपला घालायला लागल्यावर!

तर मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तीर्थपुरीहून रोज एसटीनं येते-जाते. काम एकच. टोमॅटोच्या फुलातला परागकण जिवंत असताना बघायचा. त्याला एक बारीक नळी फुटते, ती वाढत वाढत बीजांडापर्यंत जाते, तेव्हा कुठं बी धरतं. बी धरत नसेल तर नळी वाटेत कुठं अडली ते शोधायचं.

पण आमच्या मायक्रोस्कोपचा दिवा जुना, हॅलोजनचा. असा तापायचा की नळी जरा वाढली रे वाढली की गचकली! आमच्या प्रमुख शिंगारे मॅडम एकदा डोळा लावून बघत म्हणाल्या, "सुनीता, आपण परागकण बघतोय का भाजतोय?"

त्याच दिवशी मी वैतागून दिवा बंद करायला गेले, तर लॅब झाडणाऱ्या मीराबाई धावत आल्या. "ताई, बंद नगा करू! भाकर गरम होऊन राह्यली!"

बघते तर दिव्याच्या डब्यावर फडक्यात बांधलेली भाकर!

* * *

मॅडमनी मशीनच्या एजन्सीचा इंजिनिअर बोलावला. तो तीन तास खालीवर वाकला, पुसलं, फुंकलं, मीटर लावला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "मॅडम, दिवा एकदम ओके आहे. तुमची फुलंच फार नाजूक आहेत. जरा दणकट फुलं आणा ना!"

* * *

एवढ्यात हेड ऑफिसचं पत्र आलं. दोन महिन्यांत जिवंत नळीचा सिनेमा दाखवा, नाहीतर ही खोली गोदामाला द्या. मला तर खोलीत पोत्यांची थप्पीच दिसायला लागली.

त्या आठवड्यात एका लग्नात गेल्ते. मंडपावर हजारो एलईडी दिवे लपलप करून राह्यले होते, आणि हात लावला तर थंडगार! रोषणाईवाले रईसभाई कोपऱ्यात वायर गुंडाळत होते. मी तिथंच गाठलं. मायक्रोस्कोपमध्ये स्लाइड ठेवायच्या जागेलाही स्टेजच म्हणतात. "भाई, आमच्या स्टेजवर लाईट बसवायचाय."

"बसवू की. स्टेज किती बाय कितीचा?"

"तळहाताएवढा."

रईसभाईंनी वायर खाली ठेवली. "ताई, मंग पाव्हणे फोटो काढायला चढणार कुठून?"

* * *

दुसऱ्या दिवशी भाई लॅबमध्ये हजर. डोळा लावून नळी बघितली, ती मरताना बघितली, आणि हळहळले. "अरे अरे, बिचारी! मॅडमजी, फोटो काढता तेवढाच टाइम लाईट लावा ना. बाकी टाइम कशाला जाळता तिला?"

मॅडम खुर्चीतून उठल्याच. ठरलं! मायक्रोस्कोपवरच्या कॅमेऱ्याचा डोळा उघडला की एलईडी लागायचा, मिटला की विझायचा. क्षणभर झगझगीत उजेड, मग फुलाला आराम. भाईंनी सर्किट जोडलं, आम्ही दोनशे फोटो घेतले. सगळे काळेकुट्ट! वायर उलटी लागल्ती. डोळा मिटला की लाईट, उघडला की अंधार!

मॅडम म्हणाल्या, "अमावास्येचा अल्बम सुंदर आलाय."

भाई बिलकुल खजील झाले नाहीत. "मॅडमजी, फोटोग्राफर आणि लाइटवाल्याची दुश्मनी फार जुनी हाय!"

* * *

वायर सरळ झाली. मग पांढऱ्यापेक्षा लाल उजेड फुलाला जास्त सोसतो म्हणून मॅडमनी लाल एलईडी लावला, पडदे ओढले. दुपारी बाहेर आले तर गेटवरचे वॉचमन काका दाराशी हात जोडून उभे, पायात चपला नाहीत. पडद्याच्या फटीतून लाल दिवा दिसल्ता. हळूच विचारतात, "ताई, पेशंट कसा हाय?"

मी म्हटलं, "आहे जिवंत."

काकांनी डोळे मिटून आभाळाकडं नमस्कार केला!

* * *

तरी खालून येणारा उजेड सगळ्या फुलातून आरपार जायचा आणि चित्र धुरकट यायचं. भाई म्हणाले, "समोरून फोकस डोळ्यात मारला की चेहरा सपाट येतो. बाजूनं मारा, बारीक!" म्हणजे बघायचा तेवढाच पातळ थर उजळायचा, बाकी फूल अंधारात सुखी. बारीक फट करायला दाढीची दोन ब्लेडं एकमेकांसमोर लावायची ठरली. मी स्टोअरला मागणीपत्र लिहिलं: दाढीची ब्लेडं, दोन. कारण: संशोधन.

स्टोअरकीपरनी चष्मा वर केला. "कोण वापरणार?"

"शिंगारे मॅडम."

त्यांनी गुपचूप पूर्ण पाकीट दिलं. वर शेव्हिंग क्रीमची ट्यूब!

पण बसलं हो सगळं बराबर! आधी एका फुलाचे सगळे थर टिपता टिपता चहा गार व्हायचा. आता कपात ओतेपर्यंत काम फत्ते. नळी जगली, वाढली, दुपारपर्यंत वाढतच राहिली! मॅडम आणि मीराबाई हातात हात घालून लॅबभर नाचल्या. मी शपथेवर सांगते.

* * *

लॅब वाचली हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या दिवशी झालं काय ते ऐका.

हेड ऑफिसचे पाच साहेब आलेले. टाय, लॅपटॉप, गंभीर चेहरे. ताजी फुलं घेऊन कुंभार पिंपळगावहून सुभद्राबाई आल्या होत्या. शेडनेटमध्ये बावीस वर्षं हेच काम. एका फुलाचे पराग बोटावर घ्यायचे, दुसऱ्या फुलाला लावायचे. मॅडमनी त्यांना आग्रहानं पहिल्या खुर्चीत बसवलं.

मोठ्या टीव्हीवर नळी सरकायला लागली. जिवंत! हळूहळू बीजांडाकडं. मोठे साहेब पुढं वाकून म्हणाले, "काकू, तुम्ही पराग लावून घरी जाता ना, त्यानंतर आत हे होतं."

सुभद्राबाईंचं तोंड उघडंच. "आगं माय! येवढ्या वर्सात म्या कधी मागं फिरून बघितलं न्हाई."

नळी बीजांडाला टेकायला आली. तेवढ्यात सुभद्राबाई ताडकन उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, टीव्हीच्या पुढं आडव्या उभ्या राहिल्या आणि पाची साहेबांवर कडाडल्या, "काही लाजबीज हाय का न्हाई? तिकडं तोंड करा समदे!"

सगळ्यात आधी मोठे साहेब वळले. मग एकेक करून बाकीचे चार. पाच टायवाले, भिंतीकडं तोंड करून, हात बांधून उभे. आणि त्यातला एक भिंतीलाच हळू विचारतोय, "झालं का हो?"