अस्तर लावलेला झेंडा

गल्लीतल्या कोट शिवणाऱ्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या दुकानाला लागून एक तिबेटी म्हातारी स्वेटर विकायची. तिबेटच्या स्वातंत्र्यासाठी आणि निर्वासितांसाठी डोंगरातल्या मठापर्यंत लांबची पदयात्रा निघाली, तेव्हा गुडघे धरल्यामुळे म्हातारीला जाता येईना.

"आजी, तुमच्या वाटचं मी चालतो," मास्तर बोलून गेले. यात्रेत न्यायचा तिबेटी झेंडाही त्यांनीच शिवला. बिनअस्तराचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं, त्यामुळे झेंड्यालाही जाड अस्तर लागलं.

पहिल्याच चढावर झेंडा ओल्या गोधडीसारखा जड झाला आणि मास्तर मागे पडले.

"अहो, झेंडा शिवलाय की ओव्हरकोट?" सोबत चालणाऱ्या बायकोने टोमणा मारला. "झेपत नसेल तर परत फिरू."

परत फिरून म्हातारीला तोंड कसं दाखवायचं? मास्तर रस्त्याकडेला बसले, खिशातली कात्री काढली आणि स्वतःचीच पक्की शिवण उसवू लागले. टाके सुखासुखी सुटेनात. शेवटी अस्तर निघालं आणि झेंडा पहिल्यांदाच वाऱ्यावर फडफडला.

"आता या अस्तराचं काय करू?" बायकोने विचारलं.

"नीट घडी करून ठेव. आजी तिबेटला जायला निघतील तेव्हा कोटाला लागेल," म्हणत मास्तर चढ चढू लागले.