रुमालातली कवळी

मुलीच्या शेजारी, इथे कॅनडात, एक म्हातारे गृहस्थ राहतात. तरुणपणी ते बर्फावरच्या हॉकीत पगारी गोलरक्षक होते. तेव्हा तोंडावर मुखवटा घालायची पद्धत नव्हती. चेहरा फुटला की आत जाऊन टाके घालून घ्यायचे आणि परत गोलात उभं राहायचं, कारण जागा घ्यायला दुसरा टपलेलाच असायचा.

परवा दवाखान्यात ते बायकोबरोबर दिसले. नाव पुकारल्यावर त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि बायकोच्या हातात दिली. सामन्याला उतरण्याआधी ते असंच करत, हे तिनंच मला सांगितलं.

"अरे, डॉक्टर फक्त रिपोर्ट सांगणार आहेत," ती त्यांना म्हणाली.

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि एकटेच आत गेले.

काही वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचे रिपोर्ट आणायला मी चांगली इस्त्रीची साडी नेसून गेले होते. मार बसणार हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, तो नटत नाही. काय फुटू द्यायचं नाही, एवढंच बघतो.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. बायकोनं रुमाल पुढे केला.

"असू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले.