रीन्स्केचे हातवारे

रीन्स्केचं निम्मं आयुष्य कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे गाडीला जोडून न्यायच्या चाकांवरच्या घराच्या, मागे उभं राहून हातवारे करण्यात गेलं, असं म्हटलं तर ती स्वतःच हसेल. दर उन्हाळ्यात घरचे बटाटे आतल्या बाकाखाली भरायचे, नवऱ्याबरोबर, डाउवेबरोबर, नेदरलँड्समधल्या बोल्सवर्डहून निघायचं, दोन दिवस दक्षिणेला जायचं आणि फ्रान्समधल्या नदीकाठच्या त्याच कॅम्पिंगच्या तळावर, त्याच चौदा नंबरच्या जागेत तीन आठवडे काढायचे. एकोणचाळीस वर्षांत बदलले ते फक्त बटाटे.

चौदा नंबर म्हणजे एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला पाण्याचा नळ. मागे घेताना कॅरॅव्हॅन उजवीकडे सरकवायची तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं, एवढ्यातच भल्याभल्यांची भंबेरी उडते. डाउवे मात्र जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला गडी. तो एका दमात लावायचा. ते बघायला शेजारी खुर्च्या वळवून कॉफी घेऊन बसत. कुणी गाडी सोडवून कॅरॅव्हॅन हातांनी ढकलली की डाउवे ओरडायचा, "गाय आहे का ती, गोठ्यात ढकलायला?"

जानेवारीत डॉक्टरांनी त्याच्या विसरण्याला आजाराचं नाव दिलं. लेक फेम्के म्हणाली, "आई, या वर्षी नको. आणि बाबांचं त्या निवासी देखभाल केंद्रात नाव घालू या."

"तुझे बाबा काय खातात ते विसरतील, गाडी विसरणार नाहीत."

"तुला एकटीला झेपणार नाही गं."

"चौदा नंबरात त्याने नीट लावली तर वर्षभर तो माझ्याजवळ राहील. नाही लावली तर घाल तुझं ते नाव!" रीन्स्के तावातावाने बोलून गेली. खरंच इतकी खात्री होती तिला.

रस्त्यावर तो झकास चालवत होता. लक्झेंबर्ग ओलांडल्यावर तिने सुटकेचा निःश्वास टाकला, ल्यों शहराच्या पुढे तर ती गुणगुणायलाही लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ते तळावर पोचले. शेजारच्या जागेतल्या, ग्रोनिंगनच्या हार्मने लगेच खुर्ची वळवली. "या मास्तर! आम्ही कॉफी थांबवून ठेवलीय!"

रीन्स्के उतरून मागे गेली. उजवा हात हलवला. कॅरॅव्हॅन डावीकडे वळली. तिने पुन्हा हात हलवला, जोरात. कॅरॅव्हॅन आणखी डावीकडे, थेट नळाच्या दिशेने. तिने दोन्ही हात वर केले. थांब! हा इशारा त्याने आजवर कधी चुकवला नव्हता.

आरशात डाउवेचा चेहरा दिसला. त्याने तिच्याकडे पाहिलं, प्रसन्न हसला, आणि ओळखीचं कुणी भेटावं तसा खिडकीतून हात हलवला.

नळ मोडला. पाणी उडालं. कुणीही हसलं नाही, आणि ते न हसणंच तिला सोसवेना. हार्मने मुख्य नळ बंद करवला, तिघाचौघांना हाक मारली, गाडी सोडवली आणि सगळ्यांनी कॅरॅव्हॅन हातांनी ढकलली. डाउवेही उतरून मोठ्या उत्साहाने ढकलायला लागला. कॅरॅव्हॅन जागेवर सरळ उभी राहिली, तेव्हा हात झटकत तो रीन्स्केजवळ आला.

"बाई, मला सांगायचं होतंत," तो आदबीने म्हणाला, "मी एका दमात लावून दिली असती."

"हो," ती म्हणाली. "पुढच्या वेळी सांगेन."

तिने बटाटे काढले. सोलायला बसली. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलात? लावली?" फेम्केने विचारलं.

"लागली."

"आई, मी विचारतेय, बाबांनी लावली का?"

समोर डाउवे हार्मच्या कॅरॅव्हॅनच्या पायऱ्यांवर बसून स्वतःचं घर शोधल्यासारखा इकडेतिकडे बघत होता. रीन्स्केने सवयीने हात वर केला. त्यानेही केला.

"घाल नाव," ती म्हणाली.